ज्या वर्षी पोपटी लागली नाही

कर्जतच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की ते माझ्या नाकाला आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. कोवळ्या शेंगेला एक हिरवा, किंचित कडवट वास असतो आणि तो बोटांना लागला की दोनदा हात धुतले तरी जात नाही. परवा रिक्षातळाजवळ त्या वासानं मला गाठलं. एक बाई पाटीभर शेंगा घेऊन बसली होती आणि पाटीच्या कडेला तिनं भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या रचल्या होत्या. "पोपटीचा पाला हाय, ताजा, न्या," ती म्हणाली. मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथं पोपटी लावायची तर सोसायटीची सभाच बोलवावी लागेल. तरी मी दोन जुड्या घेतल्या आणि घर येईपर्यंत हुंगत राहिलो.

पोपटी म्हणजे काय हे आमच्या रायगडात कुणी विचारत नाही, पण घाटावरचे मित्र विचारतात. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. मग मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलीवरच सगळं शिजतं. झालं की नाही ते बघायला वरून पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की झालं. हे शिंपडायचं काम आमच्या घरात बाबांचं. भावकीतली वीस-पंचवीस माणसं रिंगण करून बसलेली असायची, गप्पांना ऊत आलेला असायचा, आणि बाबा ओंजळ घेऊन पुढं झाले की सगळे एकदम गप्प. बाबा पाणी उडवायचे, मडक्याकडं कान करायचे. "नाय अजून," म्हणायचे, आणि पोरं पोटावर हात ठेवून कण्हायची.

दर वर्षी शेंगा दिसल्या की मला या सगळ्या पोपट्या आठवायला हव्यात. आठवतं मात्र ते एकच वर्ष, ज्या वर्षी आमच्याकडं पोपटी लागलीच नाही. आठ वर्षं झाली त्याला.

वालाला कुणी पाणी घालत नाही. भातं कापून झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो पेरायचा. पुढं तो दवावर येतो. सकाळी खाचरात गेलं की घोट्यापर्यंत पाय भिजतात आणि दहा वाजता बघावं तर सगळं कोरडं. तेवढ्यात त्याचं पिऊन झालेलं असतं. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. पुढं वाटेनासं झालं, कारण माझंही तसंच चाललं होतं. कधी शाळेच्या नाटकात मिशी लावायला मिळाली, कधी एखाद्या दुकानदारानं पाठमोरं बघून "काय पाहिजे रं पोरा" म्हटलं, की त्यावर माझा महिना निघायचा.

माझ्या जन्माच्या वेळी घरात जिलेबी वाटली होती. आमच्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी. हलवायाची काही चूक नव्हती, त्याला जे सांगितलं ते त्यानं दिलं. पण जिलेबी वाटलेल्या घरात पेढा वाढतो आहे हे मला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळलं होतं. ते सांगायला माणूस मिळेपर्यंत मी सव्वीस वर्षांचा झालो, रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, लांब केसांची वेणी घालून रोज कंपनीच्या बसनं जायला-यायला लागलो, आणि घरी स्थळं यायला लागली.

पहिलं माणूस मिळालं ते आई. भाद्रपदातली दुपार होती. आई बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती, मी समोर बसून सोलत होतो. वाल सोलताना माणसं एकमेकांकडं बघत नाहीत, परातीकडं बघतात, म्हणून मी मुद्दाम ती वेळ निवडली होती. मी सांगितलं, की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो, आणि आता स्थळाचं नाव निघालं की माझा श्वास अडकतो. आईचे हात थांबले नाहीत. सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. मग तिनं विचारलं, "डॉक्टर असतो का त्याला?" मी म्हणालो, असतो. कुठंतरी असतो. "मंग शोध," आई म्हणाली. "तुझ्या बापाला मी सांगीन. तू नको सांगूस."

तिनं बाबांना काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, हे मला आजवर कळलेलं नाही.

'शोध' हे आई अशा सुरात म्हणाली होती, जसं म्हशीला बरं नाही तर जनावरांचा डॉक्टर आणायचा. मलाही तेव्हा तेवढंच वाटलं. आधी खोपोलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, मी काय म्हणतो आहे ते कळल्यावर खिडकीबाहेर बघितलं आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं. मग पनवेलला एका मानसोपचारवाल्यांकडं. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एकदा संसारात पडलं की डोक्यातलं सगळं आपोआप जातं, असं सांगितलं. त्यांचं स्वतःचं काय गेलं होतं ते मी विचारलं नाही. तिसऱ्या बाई शहरातल्या, मनानं फार चांगल्या. पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाल्या की या विषयात मी नवीन आहे, तूच मला समजावून सांग. मी तीन शनिवार समजावलं. शब्द सांगितले, शब्दांचे अर्थ सांगितले, त्यांच्या शंका फेडल्या. चौथ्या शनिवारी त्यांना बऱ्यापैकी कळलं होतं. मी होतो तिथंच होतो.

त्या दिवशी परतताना खोपोलीच्या फलाटावर उतरलो आणि पाय घराकडं वळेनात. फलाटाच्या टोकाशी बाकावर बसून राहिलो. समोर बोरघाटाचा डोंगर, त्याच्या अंगावर वरून खाली आलेले वीजकेंद्राचे जाड नळ. मला तेव्हा स्पष्ट कळलं, की मला हवंय ते औषध नाही आणि सल्लाही नाही. ज्याच्यापुढं बसल्यावर पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, असं एक माणूस मला हवंय. असं माणूस कर्जत-खालापुरात नाही, पनवेलला नाही, आणि कदाचित कुठंच नाही, असं वाटून मी त्या बाकावर बराच वेळ बसलो. आजही खोपोलीला उतरलो की त्या बाकाकडं माझी नजर जाते.

फोनवर आमच्यासारख्यांचा एक गट होता. तिथं मी नुसताच वाचायचो. एकदा धीर करून विचारलं, तर सांगलीकडच्या एकानं एक नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, 'यांना माहीत आहे.' एवढंच. नंबर नागपूरच्या वृंदाताईंचा होता. त्या बरीच वर्षं आमच्यासारख्यांबरोबरच काम करत होत्या आणि लांबच्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. भेट ठरवताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, तुला काय नावानं हाक मारू? मी विनय असं लिहिलं. ते नाव मी त्याआधी एकदाच लिहिलं होतं, प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर लेबल म्हणून, आणि कुणी बघायच्या आत फाडून टाकलं होतं.

आता अडचण रेंजची. आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पार पोटाशी. घरात फोन फक्त वेळ बघायला उपयोगी पडायचा. रेंज यायची ती वरच्या खाचरात, राखणीच्या माळ्यावर चढलं की. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली फळ्यांची बैठक. वालाला शेंग धरली की राखण आलीच, कारण वानरांची टोळी एकदा डोंगरातून उतरली की तासाभरात खाचर साफ करते. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. मी घरी सांगितलं, शनिवारची राखण मी करीन. बाबांनी मान हलवली. ते खोपोलीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि शेतावर कुणीही स्वतःहून जातंय म्हटलं की त्यांना बरं वाटायचं, असं मला वाटलं.

पहिल्या शनिवारी चार वाजता पडद्यावर पन्नाशीच्या एक बाई दिसल्या. मागं दोरीवर टॉवेल वाळत होता. आता सुरू होणार, मला वाटलं. केव्हापासून, कशामुळं, घराण्यात कुणाला आहे का. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "विनय, सकाळी भांग आरशात बघून पाडतोस की न बघता?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी न बघता भांग पाडायचो. न बघता वेणी घालायचो. दात घासताना नळाकडं बघायचो, दुकानाच्या काचेवरून जाताना मान वळवायचो, आणि आपण असं करतो हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. "न बघता," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. ताईंनी वही उघडली नाही, काही लिहून घेतलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "बरं. इथनं सुरू करू."

ते शनिवार मला अजून अंगावर आठवतात. माळ्याच्या फळीचं ऊन, खाली वेलांना लगडलेल्या शेंगा, जांभळी-पांढरी फुलं. दूर खाली महामार्गावरच्या ट्रकांचा सतत घुमणारा आवाज, आणि कुंभिवलीच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्यांतली वाफ. खाचराच्या मधून एक नाला जायचा, हिवाळ्यात त्यात घोटाभर पाणी. माळ्याच्या खालून ठाकरवाडीची पायवाट. संध्याकाळी वाडीवरच्या बाया मोळ्या घेऊन त्या वाटेनं उतरायच्या. मी पाय खाली सोडून बसायचो आणि नागपूरला बसलेल्या एका बाईला अशा गोष्टी सांगायचो, ज्यांना माझ्याकडं तोवर वाक्यंच नव्हती. सांगता सांगता वाक्यं व्हायची. घरी परतताना पोट हलकं असायचं आणि भूक फार लागायची. आई दोन भाकऱ्या जास्त टाकायला लागली होती.

तिसऱ्या शनिवारी डबा वाजायला लागला.

तेलाचा पत्र्याचा मोठा डबा, पोचे पडलेला, वानरं हाकायला वर्षानुवर्षं खाचरात ठेवलेला. चारला पाच कमी असताना बाबा आले, माझ्याकडं न बघता नाला ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन बसले, आणि चार वाजता काठीनं डबा बडवायला लागले. ढण् ढण् ढण्. डोंगरावर आपटून तो आवाज परत यायचा, म्हणजे एकाचे दोन. मला ताईंचं बोलणं ऐकायला फोन कानाला चिकटवावा लागला. पाच वाजता मी फोन ठेवला आणि डबा थांबला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच.

आमच्याकडं राग कुणी तोंडानं बोलून दाखवत नाही. आई चिडली की टोप आपटते, काकू चिडली की पाटा-वरवंट्याचा आवाज बदलतो. घरातल्या भांड्यांवरून कोण कुणावर रुसलंय ते शेजारी ओळखतात. त्यामुळं डब्याचा अर्थ लावायला मला वेळ लागला नाही. त्यात घरी बाबांनी माझं नाव घेणं बंद केलं होतं. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं ते मला 'ऐकलं का' आणि 'हे बघ' म्हणायला लागले होते. आईला गंमत वाटायची. मला वाटायची नाही. जुनं नाव त्यांनी टाकलं याचा आनंद मानावा इतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. मला वाटलं त्यांनी मलाच टाकलं.

वाडीवरची सोमीबाई आमच्याकडं लावणीला यायची. एका शनिवारी मोळी घेऊन उतरताना ती माळ्याखाली थांबली. मोळी सावरत म्हणाली, "तुज्या बापाला काय झालंय गं? वानरं कवाची पल्याडच्या डोंगराला गेल्यात. नि ह्यो डबा बडवतोय." म्हणजे बाबा वानरं हाकत नव्हते. मग कुणाला हाकत होते, हे मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

ताईंनी विचारलं होतं, तो आवाज कसला. मी म्हणालो, बाबांचा. मी बोलतो ते त्यांना नको आहे. त्यांनी तसं सांगितलं का, ताईंनी विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडं सांगत नाहीत, वाजवतात. ताई हसल्या नाहीत. एकदा त्यांना विचार, म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर आलं असतं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

पौष संपत आला आणि पोपटीची बोलणी सुरू झाली. बाबांच्या धाकट्या भावानं, आमच्या काकांनी, रसायनीकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलाकडच्यांना आमच्या खाचरात पोपटीला बोलवायचं, असा त्यांचा बेत. आमच्या भागात ही पद्धत आहे. रीतसर बघण्याचा कार्यक्रम नको, कुणाला उठवायला-बसवायला नको. पाहुणे पोपटी खायला यायचे, आगीभोवती बसायचे, आणि जाता जाता बघून जायचे. आगीच्या उजेडात सगळेच बरे दिसतात, असं काका म्हणाले. ते पडवीत बसले होते, मी आत दाराआड. बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग म्हणाले, "औंदा पोपटी नाय. वानरांनी शेंगा ठेवल्याच नायत."

त्याच दुपारी मी खाचरातून पिशवीभर शेंगा आणल्या होत्या. पिशवी माझ्या पायाशी होती. वेल शेंगांनी वाकले होते, एकाही वेलाला धक्का लागला नव्हता. काका चिडून गेले. पाहुणे टळले म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यामागून लगेच दुसरं वाटलं, की बाबांना मला चारचौघांत बसवायची लाज वाटते. पाहुण्यांपुढंच नव्हे, भावकीपुढंही. इतकी, की त्यांनी पोपटीच मोडली.

त्या माघात संध्याकाळ व्हायला लागली की माळ्यावरून आजूबाजूच्या खाचरांत जाळ दिसायचे. पोपटीचा धूर जड असतो, जमिनीलगत सरपटत येतो. त्यात भांबुर्ड्याचा वास, मागोमाग हसण्याचे आवाज, मग एकदम शांतता, म्हणजे कुणीतरी पाणी शिंपडलं. मी ताईंचा फोन ठेवून तसाच बसून राहायचो. नाल्यापलीकडं बाबा डबा बाजूला ठेवून तसेच बसलेले असायचे. आम्ही दोघं दुसऱ्यांच्या पोपटीचा धूर खात बसायचो, मधे नाला, आणि एक शब्द नाही. मला त्या शेंगा फार हव्याशा वाटायच्या. आमच्या शेंगा त्या वर्षी वेलावरच वाळल्या. वर्षभर आम्ही बिरडं खाल्लं.

पुढचं सगळं हळूहळू झालं आणि ठीक झालं. ताईंनी चिठ्ठी दिली, योग्य डॉक्टर मिळाले, अठ्ठाविसाव्या वर्षी माझा आवाज फुटला. कारखान्यात महिनाभर कुजबुज झाली आणि मग लोकांना पगारवाढीची चिंता जास्त वाटायला लागली. आई मला विनू म्हणते. नवं आधार कार्ड आलं तेव्हा बाबांनी ते शर्टाच्या टोकानं पुसलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवून दिलं. नाव त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. ताई म्हणाल्या, आता तुला दर आठवड्याला माझी गरज नाही. ते खरं होतं आणि मला ते आवडलं नाही.

मग काकांनी जमीन विकायची काढली. वरच्या खाचराला आता कंपाउंडची भिंत आहे, आत आखलेले प्लॉट, फाटकाशी वॉचमन, आणि फलकावर डोंगराचं चित्र, खरा डोंगर मागं दिसत असताना. आमच्या वाट्याच्या पैशांत कर्जतचा हा फ्लॅट आला. बाबांनी खाचरातून तीन वस्तू आणल्या: विळा, बियाण्याचे वाल आणि तो डबा. आईनं विचारलं, चौथ्या मजल्यावर याचं काय करायचं? "असूदे," बाबा म्हणाले. डबा गॅलरीत कुंड्यांच्या मागं राहिला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड हिवाळा, आणि मला ओढ लागते ती त्याचीच. आता घरात चारी दांड्या रेंज असते. आरशात बघून दाढी करतो. पण त्या फळीवर पाय सोडून बसावं, खाली शेंगा, कानाशी पहिल्यांदाच आपल्याला ओळखणारा एक आवाज, आणि पलीकडं रागावलेले का होईना, पण बाबा, असं मला वाटत राहतं. ते खाचरच आता नाही म्हटल्यावर तर जास्तच.

यंदा पाटीवरच्या त्या जुड्या घेऊन मी घरी आलो, त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. गावात कुणाच्या तरी खाचरात भावकीची पोपटी आहे. बाबा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात. "तुमी दोघं या," काका म्हणाले. दोघं. मी ओट्याशी लसूण सोलत होतो. आईनं माझ्याकडं बघितलं. "बघू," म्हणून बाबांनी फोन ठेवला. पस्तिशीला आलेल्या माणसाला पोपटीला बोलावलं नाही म्हणून काय वाटून घ्यायचं, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी तीन वर्षांनी ताईंना लिहिलं, एक तास मिळेल का. उत्तर आलं, 'शनिवारी चार?'

मागच्या खोलीचं दार लावून बसलो. ताईंचे केस पार पांढरे झाले होते. मागं तीच दोरी, टॉवेल दुसरा. "भांग?" त्यांनी विचारलं. "बघून," मी म्हणालो आणि आम्ही दोघं हसलो. मग मी पोपटीचं सांगायला लागलो. म्हणालो की शेंगा बाजारातही मिळतात, मला त्यांचं काही नाही. मला त्या रिंगणात बसायचंय. बाबांनी पाणी शिंपडलं की सगळ्यांबरोबर गप्प व्हायचंय. एवढं बोलून झालं आणि गॅलरीतून आवाज आला. ढण् ढण् ढण्.

आठ वर्षं जणू मधे गेलीच नव्हती. ताईंनीही तो ओळखला. "विनय," त्या म्हणाल्या, "वानरं अजून आहेत?"

मी फोन पलंगावर ठेवून बाहेर गेलो. बाबा गॅलरीत माझ्याकडं पाठ करून बसले होते, डबा दोन गुडघ्यांमध्ये. खाली वॉचमन मान वर करून बघत होता, समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालायची थांबली होती. या वेळी मी विचारलं. म्हणालो, "बाबा, चौथ्या मजल्यावर कुठली वानरं आली?"

त्यांनी मागं बघितलं नाही. काठी थांबली नाही, नुसती हलकी झाली. "भिंती पातळ हायत इथल्या," ते म्हणाले. "बाजूवाल्याला ऐकू जातं सगळं. मलापण जातं. तिथं निदान मधी नाला व्हता." मग म्हणाले, "वाडीवाल्या बाया यायच्या ना त्या वाटेनं, तुझ्याच टायमाला. तू बोल रं. मी हाय हितं."

मी दारातच उभा राहिलो. ज्या पाहुण्यांपुढं मला बसावं लागलं असतं, तेही त्यांनी याच वानरांच्या नावावर हाकलले होते. आमच्याच शेंगा वेलावर वाळू दिल्या होत्या. आणि मी आठ वर्षं त्याला राग म्हणत आलो होतो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांनी काठीचा जोर पुन्हा वाढवला होता.

मी आत आलो, दार लावलं, फोन उचलला. ताई वाट बघत होत्या.

"नाहीत, ताई," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हती."